चौथा राजीनामा

पटो न पटो, हे घडलंय. सन चव्वेचाळीसचा चैत्र, तामलवाडीचा कापसाचा जिनिंग कारखाना आणि वेळ भर दुपारची. भुतानं अंधाराची वाट पाहावी, एवढी सवडही पेढीनं त्याला दिली नव्हती.

आमचे शांतलिंगअण्णा हैदराबादच्या एका मोठ्या सल्लागार पेढीत नोकरीला होते. पेढीचं काम सोपं. दुसऱ्याच्या कारखान्यात माणूस बसवायचा आणि मालकाच्या मनात आधीच असलेला सल्ला त्याला जाड पुठ्ठ्यात बांधून द्यायचा.

पेढीची काळी शेरवानी घालून अण्णा कापूस निवडणाऱ्या बायांच्या पाठीशी घड्याळ धरून उभे राहायचे. कोण किती वेळा मान वर करते, ते लिहायचं. त्यांनी एकदा लिहिलं, 'बायांना प्यायला पाणी नाही.' हैदराबादेतल्या साहेबानं ते खोडलं, 'चाळीस बाया जास्त आहेत' असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही ठोकली.

अण्णांनी राजीनामा दिला. एक नाही, तीन.

उत्तर एकच. बदली माणूस येऊन चार्जच्या कागदावर समोरासमोर सही करेपर्यंत जागा सोडायची नाही.

आणि बदली कुणी पाठवत नव्हतं.

इकडं गावी, बेंबळीला, वडील अंथरुणाला खिळलेले. "आप्पा रोज दाराकडं बघतात," आईचा निरोप होता.

त्या दुपारी जेवणाची सुट्टी झाली. यंत्रं थांबली. अण्णा दात-ओठ खात चौथा राजीनामा लिहायला बसले. अर्धा झाला असेल…

टिक… टिक…

बरोबर मानेमागं.

अण्णांचं घड्याळ समोर टेबलावर होतं. बंद पडलेलं.

त्यांनी वळून पाहिलं. दारात पेढीची काळी शेरवानी. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या.

"उत्तरेश्वर," तो म्हणाला. "बदलीवर आलोय."

अण्णांना इतका आनंद झाला, की आपण त्याची पावलं ऐकली नाहीत हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"बसा की. या उन्हात घाम न्हाय आला तुम्हाला?"

"पहिल्या साली यायचा."

"जेवलात?"

"पेढीनं वेळ दिला नाही." त्यानं कागद ओढला. "तुम्ही का सोडताय?"

"वडील आजारी आहेत."

"माझेही होते." त्यानं सही केली. खालच्या रकान्यातही काहीतरी लिहिलं. "बदली आली नाही."

अण्णांनी न वाचता सही ठोकली, कागदपत्रं पिशवीत कोंबली आणि बाहेर पडले.

लिंबाखाली कापूस निवडणारी सारजाबाई भाकरी खात होती. "कुणाशी बोलत हुता, सायेब?"

"बदली माणूस आलाय. उत्तरेश्वर."

तिचा घास हातातच राहिला.

"त्ये तर तीन सालामागं त्याच खोलीत गेले. हातातलं घड्याळ सुटंना. आमीच उचलून भाईर आणलं."

अण्णांनी वळून पाहिलं.

खुर्ची रिकामी…

टिक… टिक… मात्र चालूच.

अण्णा थांबले नाहीत. चार दिवसांनी आप्पांनी त्यांच्या मांडीवर डोळे मिटले.

चार्जचा कागद त्यांनी रागारागानं हैदराबादला धाडला. सही करणारा मयत आहे, तुम्हीच त्याला मारलंय, हेही लिहिलं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं.

'चार्ज ग्राह्य. सही करणारा मयत असण्यास पेढीचा आक्षेप नाही. उत्तरेश्वर यांचे काम समाधानकारक आहे, ते रजा मागत नाहीत. त्यांनी कागदाच्या खालच्या रकान्यात पुढील बदली म्हणून तुमचे नाव लिहिले आहे. सवड होताच हजर व्हावे.'

निजाम गेला. पेढी गेली म्हणतात. अण्णांनी पुढं जन्मभर घरात घड्याळ येऊ दिलं नाही.

शेवटच्या दुपारी त्यांनी डोळे उघडले. "मानंमागं कोण उभाय?"

कुणीच नव्हतं. पण टिकटिक आम्ही सगळ्यांनी ऐकली…

"सांगा त्याला," अण्णा कडाडले, "म्या राजीनामा दिलाय."

त्यांच्या ट्रंकेत तो अर्धा राहिलेला चौथा राजीनामा सापडला. आम्ही तो पुरा केला आणि लिंगायत रीतीनं मातीत समाधी देताना त्यांच्या मुठीत ठेवला.

मंजूर झाला की नाही, कळायला मार्ग नाही.

पेढीचं उत्तर यायला तेव्हा पंधरा दिवस लागायचे. आज चौदावा.