मैनूला बाहेर काढा

चाकणच्या किल्ल्यात बुरुजाच्या सावलीला बसून वर्षाली डबा उघडत होती, तेवढ्यात तिचंच एक वाक्य परक्या आवाजात तिच्या कानावर आलं.

"...मैनूनं जमिनीला कान लावला. खोल, फार खोल, पाणी तिचं नाव घेत होतं..."

चार वर्षांपूर्वी रहाटणीच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं ते लिहिलं होतं. आता बुरुजापलीकडून कुणीतरी ते सावकाश, जपून वाचत होतं. वर्षालीचा हात डब्यावरच थांबला. पण पुढचं वाक्य आलं आणि ती चपापली.

"मग मैनूनं घोडा झाडाला बांधला आन् फडक्यातली भाकर सोडली. कांदा फोडला. पोटभर खाल्लं, मगच पुढं निघाली."

हे तर तिनं लिहिलंच नव्हतं.

ती उठली आणि बुरुजाला वळसा घालून गेली. कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक तरुण दगडावर बसला होता. कानात इअरफोन, मांडीवर मुखपृष्ठ फाटलेलं पुस्तक. तिला बघून तो फोनमध्ये म्हणाला, "माय, थांब जरा. कुणीतरी आलंय."

"पुस्तकात असं नाहीये," वर्षाली म्हणाली. "भाकरीचं."

तो गोंधळला, मग हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर बारीकशी खळी पडली.

"म्हायतेय मॅडम. पण माय विचारायली, पोरगी तीन दिवस घोड्यावर हाय, खायली काय? लिहिणाऱ्या बाईंना त्याचं ध्यानच नाही. मग मीच घालतो जेवायला."

वर्षालीला राग यायला हवा होता... पण पुस्तकभर मैनूला आपण खरोखरच उपाशी ठेवलं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्याचं नाव समाधान. गाव जिंतूरकडचं. चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये मशीनवर होता. गावी आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. टीव्ही बंद, शेतात जाणं बंद. आई, शालनबाई, घरात बसून कंटाळायच्या, म्हणून तो शिफ्टच्या आधी नाहीतर नंतर किल्ल्यात येऊन त्यांना फोनवर वाचून दाखवायचा. खोलीवर सहा जण राहायचे. तिथं कुठली शांतता.

"पुस्तक कुठं मिळालं?" तिनं विचारलं.

"चिंचवड स्टेशनजवळ, फुटपाथवर. दोन्ही भाग सुतळीनं बांधलेले. नावाची पानं फाटलेली, मनोगताखाली नुसतं 'लेखिका' छापलंय."

फुटपाथवर... त्याच दिवशी सकाळी प्रकाशकांनी फोन करून तिला सांगितलं होतं, "ताई, मुलं आता मोबाइल बघतात. तिसऱ्या भागाचं राहू द्या." तिनं ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि चाकणची बस धरली होती. जमिनीतलं पाणी ऐकू येणारी तिची मैनू वेढा पडलेल्या याच किल्ल्यात वावरली होती. तो किल्ला एकदा डोळे भरून बघायचा आणि विषय संपवायचा, असं तिनं ठरवलं होतं.

त्याला तिनं आपण लायब्ररीत काम करतो एवढंच सांगितलं. "तुम्ही लायब्ररीत म्हणताय, तर एक सांगा," समाधान म्हणाला. "तिसरा भाग कधी येणार?"

"बहुतेक नाही येणार."

त्याचा चेहरा उतरला. "असं कसं? दुसऱ्या भागाच्या शेवटी पोरगी विहिरीत उतरलीय. तळाशी ती उलट्या काळाची नदी हाय, तिच्यात शिरलीय. मायला काय सांगू? दोन दिवसांत तिथवर पोचणार आम्ही."

वर्षालीनं बुरुजावर उगवलेल्या गवताकडे पाहिलं. श्रावणातलं ऊन पडलं होतं आणि त्यातच बारीक भुरभुर सुरू झाली होती. खरं सांगून मोकळं व्हायचं होतं तिला. पण तोंडून भलतंच निघालं.

"लेखिका माझ्या ओळखीची आहे. विचारते मी तिला."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं लॅपटॉप उघडला. वडील भीमराज पिंपरीच्या कंपनीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी उठायचे पहिल्या शिफ्टच्या वेळेला. दोन वर्षांनी घरात टायपिंगचा आवाज ऐकून ते दारात थबकले. तिच्याजवळ चहाचा कप ठेवला आणि दार हलकेच ओढून घेतलं.

पुढच्या शनिवारी ती आठ पानं घेऊन किल्ल्यात गेली. मग दर शनिवारी जाऊ लागली. पानं त्याच्या हाती द्यायची, तो वाचायचा, आईचं म्हणणं सांगायचा.

"माय म्हणती, विहिरीत उतरली तर पायाला शेवाळ लागायला पाहिजे. घसरायला पाहिजे."

"सांगते लेखिकेला."

"आणखी एक सांगा तुमच्या लेखिकेला... तिचं लग्न नसंल झालं."

"कशावरून?" वर्षालीनं वहीत डोकं घातलं.

"तो किल्लेदाराचा पोरगा हाय की नाही, दौलत. दोन पुस्तकं झाली, अजून मैनूकडं झाडाआडूनच बघायलाय. एक शब्द बोलला नाही."

"लाजत असेल तो."

"तो नाही लाजत," समाधान शांतपणे म्हणाला. "लेखिका लाजती."

वर्षालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या आठवड्यात दौलत मैनूशी बोलला. चांगला दीड पान बोलला.

गणपती गेले, नवरात्र सरलं. शनिवारी निघताना ती आरशापुढे जरा जास्त रेंगाळू लागली. समाधान येताना कागदात गुंडाळलेली गरम भजी आणायचा. ती दोन खायची आणि उरलेली त्याच्याकडे सरकवायची. पहिल्या दिवशी त्यानं नाव विचारलं, तेव्हा तिनं नुसतं वर्षाली सांगितलं होतं. लोक पुढे हमखास आडनाव विचारायचे, ते कशासाठी विचारतात हे तिला ठाऊक होतं. त्यानं ना त्या दिवशी विचारलं, ना नंतर कधी.

दिवाळीआधीच्या शनिवारी तिनं शेवटचं प्रकरण आणलं. समाधाननं पानं हातात घेतली आणि परत तिच्याकडेच सरकवली.

"आजचं तुम्ही वाचा," तो म्हणाला.

"मी? का?"

"ज्यानं लिहिलं त्यानं वाचावं."

वाऱ्यानं वरचं पान फडफडलं. तिनं ते तळव्यानं दाबून धरलं.

"कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले. मला नाही, मायला कळलं. म्हणाली, मी शेवाळ म्हणले की पुढच्या पानात शेवाळ येतंय. इतकं कोण ऐकतंय रे आपलं? ही पानं आणणारी आन् लिहिणारी एकच हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो... आन् तुम्ही यायच्या बंद झाल्या असत्या तर?" तो बुटाकडे बघत म्हणाला. "पुस्तक अर्धं राहिलं असतं तर मायला कायबी सांगितलं असतं. माझ्या मनाला काय सांगितलं असतं?"

त्यानं फोन लावून स्पीकर चालू केला आणि दोघांच्या मधल्या दगडावर ठेवला. तिनं वाचायला सुरुवात केली. आधी आवाज कापला, मग लागला. मैनू उलट्या नदीतून पोहत आली, पाण्याला तिनं त्याच्याच भाषेत वाट विचारली, आणि काठावरून दौलतनं टाकलेला दोर धरून ती उजेडात आली. शेवटची ओळ संपल्यावर फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला.

"काढलीस गं बाई तिला बाहेर," शालनबाई म्हणाल्या. "चार महिने डोळ्यापुढं अंधार होता माझ्या. तुझ्या पोरीनं सोबत केली. देव तुझं भलं करो."

"सोबत तुम्ही केलीत, मावशी," वर्षाली म्हणाली. "मी लिहिणं सोडलं होतं. त्या दिवशी इथं तुमच्यासाठी कुणी वाचत नसतं, तर मी परत गेले असते आणि पुन्हा कधी लिहिलं नसतं. तुमचे दोघांचे आभार कसे मानू, मला कळत नाही."

प्रकाशक काय म्हणतील ते नंतर बघू, असं तिला वाटलं. पुस्तक पुरं झालं होतं आणि ज्यांना हवं होतं त्यांनी ते ऐकलं होतं. तिनं पानं नीट रचली. एवढ्यात समाधान उठून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे हात मशीनच्या तेलानं कायमचे काळपट झालेले. ते त्यानं आधी शर्टाला पुसले.

"वर्षाली... पुढचं पुस्तक लिहिताना मी जवळ असलो तर चालंल का? त्याच्या पुढच्याला बी... कायमचाच. लग्न करशील माझ्याशी?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या शनिवारांत तो पहिल्यांदाच तसं बोलला होता.

"तू 'करशील' म्हणालास."

"म्हणालो. चुकलं का?"

"नाही," ती म्हणाली आणि त्याचा तेलकट हात तिनं आपल्या हातात घेतला. "आता पुन्हा 'तुम्ही' म्हणू नकोस."

दोघांपैकी कुणालाच फोनची आठवण नव्हती. दगडावरून शालनबाईंचा आवाज आला.

"समाधान, ती काय म्हणली रे? मला नीट ऐकू नाही आलं."