मुठीतला गुलोजी

“मूठ घट्ट आवळा,” मी म्हटलं.

हे वाक्य मी दिवसभरात इतक्या वेळा म्हणते, की झोपेतही म्हणत असेन. लॅबमध्ये सकाळची गर्दी, उपाशीपोटी आलेली चिडकी माणसं, हाताला स्पिरिटचा वास... त्यात आदल्या रात्री माझ्या लेकीला, मिहूला, ताप. डोळ्यांत झोप नुसती खुपत होती. समोर कोण बसलंय ते मी पाहिलंच नव्हतं. पाहिला तो फक्त दंड. शीर चांगली होती, एवढंच.

पण त्या माणसानं मूठ मिटण्याआधी शर्टाच्या खिशातून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. मिटलेल्या बोटांतून प्लॅस्टिकच्या योद्ध्याचं चंदेरी शिरस्त्राण डोकावलं. खाली निळा शेला, रंग उडालेला.

“अगं बाई! हा तर आमचा गुलोजी!” माझ्या तोंडून निघून गेलं.

“हाऊ? हाऊ मना सेनापती शे!” तो दचकून अस्सल धुळ्याच्या बोलीत म्हणाला. मग ओशाळला. “म्हणजे... माझा सेनापती आहे. सुईची भीती वाटते मला. काहीतरी धरायला लागतं.”

मी वर पाहिलं. चष्मा, दोन दिवसांची दाढी आणि डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर ‘विद्युतसेना’ लागायची. ग्लुकोजच्या डब्यात तिचा एकेक योद्धा फुकट मिळायचा. गावातल्या झाडून सगळ्या पोरांनी तेव्हा पोट बिघडेपर्यंत ग्लुकोज खाल्लं होतं.

“झालं. कापूस दाबून धरा.”

“झालं? कधी?”

“तुम्ही सेनापतीची ओळख करून देत होतात तेव्हा.”

तो हसला. दमलेलं माणूस हसतं तसं — आधी डोळे, मग सावकाश ओठ.

रिपोर्ट मोबाइलवर जातो. तरी संध्याकाळी मी निघायच्या वेळेला तो दारात हजर.

“पाठवलाय की रिपोर्ट.”

“मिळाला. पण छापील हवा होता.”

“छापीलमध्येही तेच असतं.”

“असेल,” तो म्हणाला, “पण छापील द्यायला तुम्ही असता.”

मी रागवायला हवं होतं. पण रागवायलाही थोडी ताकद लागते, आणि समोरच्या टपरीवरून चहाचा वास येत होता...

त्याचं नाव कुंदन. केळी पिकवायच्या चेंबरवर सुपरवायझर. दिवसभर थंडगार खोलीत केळ्यांचा रंग बघत बसायचं आणि वीज गेली की सगळं सोडून जनरेटरकडे धावायचं. भाड्याच्या खोलीत एक कपाट, आणि कपाटभर विद्युतसेना. कुठून कुठून मागवलेली.

“तुमच्या वयाला शोभतं का हे?” मी विचारलं.

“नाही शोभत. म्हणून कपाटाला दार आहे.”

“मग कशाला जमवता?”

त्यानं चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, पुन्हा विनोद करील. नाही केला.

“धुळ्यात बाबांचा कापडाचा लूम बंद पडला. एका दुपारी सामान टेम्पोत भरलं आणि आम्ही शिरपूरला मामांकडे गेलो. खेळण्यांची पिशवी माळ्यावरच राहिली. खिशात होता म्हणून हा एक वाचला.”

“म्हणून बाकीचे शोधता?”

“शोधतो ते त्यांना नाही खरं तर...” त्यानं ग्लास खाली ठेवला. “त्या घरात संध्याकाळ असायची. बाबा पाय पसरून बसायचे, आई शेंगा सोलायची आणि मी जमिनीवर लढाई मांडायचो. कुणालाही कुठे जायचं नसायचं. मामांकडे नुसता अंधार पडायचा, संध्याकाळ व्हायचीच नाही. आता एखादं पार्सल उघडलं की क्षणभर वाटतं, बाबा मागून हाक मारतील. नाही मारत... मग मी पुढचं मागवतो.”

मग मी त्याला माझी गोष्ट सांगितली. भादव्याच्या पौर्णिमेला आमच्याकडे मुली मातीची गुलाबाई आणि तिचा नवरा गुलोजी मांडतात. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी, आणि मग डब्याच्या आवाजावरून खाऊ ओळखायचा. लहानपणी एका वर्षी आमच्या गावी, नशिराबादला, आमच्या गुलोजीचं मुंडकंच उडालं. गुलाबाईला एकटी कशी ठेवायची? मी माझ्या भावाचा, बबलूचा, सेनापती उचलला आणि तिच्या शेजारी बसवला. छान दिसत होती जोडी!

“मग?”

“मग काय. कोजागिरीला दोघांनाही ओढ्यात सोडलं.”

“सेनापतीचं विसर्जन?” कुंदननं छातीवर हात ठेवला.

“गाणी म्हणत. राखीला त्याच्याकडे गेले की बबलू अजून तोच विषय काढतो.”

“मी बबलूच्या बाजूनं आहे.”

“सगळे बबलूच्याच बाजूनं असतात. माझं स्वतःचं खेळणं कुठलं, हे मला कुणी विचारलंच नाही कधी.”

हे मला बोलायचं नव्हतं. तो हसायचा थांबला. चहा निवला होता.

त्यानंतर तो लॅबवर येत राहिला. कधी केळीचे वेफर, कधी मिहूला चित्रांचं पुस्तक. मेहरूण भागात आईच्या घरी मी आणि मिहू राहतो. मिहूचे पप्पा सुरतेत असतात आणि आता कागदोपत्रीही ते माझे कुणी नाहीत. हे मी कुंदनला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. पळायचं असेल त्यानं लवकर पळावं.

तो पळाला नाही.

गुलाबाईच्या दिवसांत खाऊची पाळी रोज एका घराची. आमच्या पाळीच्या दिवशी लॅबमध्ये गर्दी, घरी पाणी नाही आणि खाऊ करायचा मी साफ विसरलेले. आठ-दहा मुली अंगणात गाणी म्हणत होत्या आणि मी स्वयंपाकघरात रिकामा डबा हातात घेऊन उभी. रडूच येणार होतं. तेवढ्यात कुंदन दारात, पहिल्यांदाच घरी. हातात नेहमीची वेफरची पिशवी. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डबा काढून घेतला.

“तुम्ही बसा. मी बघतो.”

मी भिंतीला टेकले, फक्त टेकले होते. बाहेर तो डबा खळखळ हलवत होता आणि पोरी ओरडत होत्या —

“गोड का तिखट?”

“खारट.”

“शेंगदाणे!”

“नाही.”

“काका, आवाज नीट येऊ द्या ना! हळू काय हलवताय?”

“श्श... आत कुणीतरी झोपलंय.”

हे मी ऐकलं, आणि खरंच झोपले.

जाग आली तेव्हा अंगावर चादर होती. पोरी गेल्या होत्या, फरशीवर वेफरचा चुरा होता आणि मिहू कुंदनच्या पाठीवर चढून त्याच्या केसांना रबर लावत होती. तो दातांत दुसरं रबर धरून निमूट बसला होता. आई, बेबाबाई म्हणतात तिला सगळे, दारात कमरेवर हात ठेवून उभी.

“कोन व्हय वं हा?” ती मला म्हणाली. “पोरींमधी कायले बसला?”

“खाऊवाला आहे,” मिहूनं परस्पर सांगून टाकलं.

कुंदननं माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरच्या शेंडीसकट. मी खळखळून हसले... कितीतरी दिवसांनी.

आणि तेव्हापासून मी त्याला टाळायला लागले.

त्यात मी चांगलीच मुरलेली. फोन उचलायचा नाही, गर्दी आहे म्हणायचं. शेवटी एका रविवारी मेहरूण तलावावर त्यानं गाठलंच. मिहू घसरगुंडीवर पळाली. माझ्या एका खांद्यावर पर्स, दुसऱ्यावर तिची वॉटरबॅग, हातात भाजीची पिशवी.

“माझी बदली झाली,” तो म्हणाला. “धुळ्याला. मीच मागितली होती, आई आता पुन्हा तिकडेच राहते, एकटी. तुमची ओळख व्हायच्या आधीचा अर्ज... आता मंजूर झाला.”

“छान झालं.”

“छान नाही झालं, भाविका.”

पहिल्यांदाच मॅडम नाही, नुसतं नाव. ऊन तलावावर पिवळं पडलं होतं.

“तुम्ही दोघी याल का? धुळ्याला, माझ्याकडे? तुमच्या आईशी मी बोलेन. लॅब तिथेही आहेत. नाही जमलं तर मी इथून जाऊन-येऊन नोकरी करेन. पण टाळू नका मला. काय चुकलं ते तरी सांगा.”

मग मी सांगितलं.

“तुम्ही जुन्या वस्तू जमवता, कुंदन. मोडक्या, रंग उडालेल्या, दुसऱ्यांनी टाकलेल्या. तुम्हाला त्यांची दया येते. मला तुमच्या कपाटात जागा नकोय. घरी आणेपर्यंत हवीहवीशी, आणि मग फडताळात उभी... पुढचं पार्सल येईपर्यंत.”

एक बदक पाण्यातून सरळ रेघ ओढत गेलं.

“त्या दिवसापासून मी काही मागवलेलं नाही,” तो म्हणाला.

“कोणत्या दिवसापासून?”

“तुम्ही भिंतीला टेकून झोपला होतात. पोरी कलकलत होत्या, शेजारच्या घरी फोडणी पडली होती आणि मला कुठेही जायचं नव्हतं. बाहेर अंधार पडला आणि माझ्या लक्षात आलं... ही संध्याकाळ आहे. माझी.” त्यानं चष्मा काढून पुसला. “आणि दया म्हणाल तर... तुम्ही घोरत होतात. कपाटातलं कुणी घोरत नाही. हिशोबच वेगळा आहे तुमचा.”

“मी घोरत नाही!”

“विचारा मिहूला.”

मला हसू आलं आणि त्याच्याच मागून डोळे भरले. “दमलेय हो मी,” मी म्हटलं. “खूप दमलेय. होकार द्यायलासुद्धा.”

“मग बसा ना. होकाराला कुठे गाडी पकडायचीय?”

त्यानं माझ्या खांद्यावरची पर्स घेतली, वॉटरबॅग गळ्यात अडकवली, भाजीची पिशवी उचलली. मी कठड्यावर बसले. खांदे हलके झाले की ते किती दुखत होते ते कळतं. तो शेजारी बसला नाही, काही विचारलंही नाही. तिकडे मिहू एकाच घसरगुंडीवरून परत परत घसरत होती.

“कुंदन.”

“हं?”

“हो.”

त्याच्या दोन्ही हातांत सामान, गळ्यात गुलाबी वॉटरबॅग. बिचाऱ्याला काहीच करता आलं नाही. तो नुसता उभा राहिला, कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन. मी सरकून त्याला जागा केली.