दहाला खाली

वल्लरीनं ऋषीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जमिनीपासून नऊ फूट वर होती आणि तिला खाली येता येत नव्हतं.

स्टेट कॉलेज नावाच्या गावाबाहेर, मक्याच्या शेतांना लागून शिकारीच्या सामानाचं एक दुकान आहे. त्याच्या मागे लाकडी खांब पुरलेला. गिऱ्हाइकानं मचाण आणि पायऱ्या घेण्याआधी त्यावर चढून बघावं, आणि चढण्याआधी काउंटरवर सांगावं, अशी पाटी तिथे होती. वल्लरीनं पाटी वाचली होती. पण चौतीस वर्षांची, वनशास्त्रात डॉक्टरेट होत आलेली बाई चार पायऱ्या चढायला परवानगी मागत नसते. ती चढली. मग सप्टेंबरची भुरभुर सुरू झाली, पायऱ्या निसरड्या झाल्या, आणि शास्त्र संपलं.

"आई गं…" ती खांबाला म्हणाली.

"डावा पाय आधी," खालून आवाज आला. चक्क मराठीत.

पेनसिल्व्हेनियात, नऊ फुटांवर, मराठीत सल्ला! हे स्थळ आईनंच पाठवलं असणार, असं तिला क्षणभर वाटलं.

"डावीकडे पायरी आहे. दिसत नाही, पण आहे. विश्वास ठेवा."

"कोणावर?"

"आत्ता पायरीवर. माझ्यावर नंतर ठेवा, घाई नाही."

ती उतरली. समोर नारिंगी टोपी, चार दिवसांची दाढी आणि अजिबात न हसणारा चेहरा. टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं, आणि तो मात्र खांबावरच्या पट्ट्याची गाठ तपासत होता.

"मंडळाच्या गणपतीत कधी दिसला नाहीत तुम्ही?"

"माझा जन्म इथलाच. मराठी आईकडून आलंय. काही चुकलं तर तिला फोन करा… रेखा काकू म्हणतात सगळे. ती उचलते लगेच."

आत गेल्यावर तो काउंटरमागे उभा राहिला आणि वल्लरीनं लॅपटॉप उघडला. सतरा मचाणं एकाखाली एक मांडलेली. वजन, रुंदी, किती भार पेलतं, आवाज करतं का, लोकांचं काय मत. तिची आई पुण्यात बसून तिच्यासाठी अशीच यादी ठेवते. रकानेही साधारण तेच.

ऋषीनं यादी पूर्ण वाचली. मग म्हणाला, "तुमचं वजन?"

"पहिल्याच भेटीत?"

"कपडे, बूट, दप्तर, क्रॉसबोचं धनुष्य सगळं धरून. मचाणावर जो आकडा लिहिलेला असतो तो सगळ्याचा मिळून असतो."

तिनं सांगितलं. त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि कागदावर पंधरा पौंड जास्त लिहिले.

"मी खरं सांगितलंय!"

"सगळेच सांगतात. या दुकानात आजवर खऱ्या वजनाचा एकही माणूस आलेला नाही." त्यानं पेन ठेवलं. "आणि… खाली कोण असेल?"

"म्हणजे?"

त्यानं काउंटरवरचं चिठ्ठ्यांचं पॅड पुढे सरकवलं. तीन ओळी छापलेल्या होत्या. कुठलं झाड. किती वाजता खाली. चिठ्ठी कोणाकडे. इथले जुने शिकारी झाडावर जाण्याआधी ही चिठ्ठी भरून कोणाच्या तरी हातात देतात. ठरल्या वेळी माणूस आला नाही, तर चिठ्ठीवाल्यानं शोधायला निघायचं, एवढंच.

"माझं कोणी नाही तसं," वल्लरी म्हणाली. "रूममेट आहे. तिला मी योगाला जाते असं सांगितलंय. तुमच्याकडेच ठेवली तर?"

ऋषीनं पॅड उचलून खाली ठेवलं. "मी चिठ्ठ्या घेत नाही."

आवाज तोच होता, पण दार बंद झाल्याचं तिला कळलं.

चांगलं मचाण निवडायला तासभर पुरतो. वल्लरीला पाच शनिवार लागले. पहिल्या शनिवारी तिला खोडावर सरकत चढणारं मचाण आवडलं. ऋषीनं विचारलं, तुझं झाड कसलं? पांढरा ओक, ती म्हणाली, सात फुटांवर पहिली फांदी. मग हे त्या फांदीलाच नमस्कार करून परत येईल, तो म्हणाला. त्याला खांबासारखं सरळ खोड लागतं. दुसऱ्या शनिवारी तिला शिडीचं मचाण पसंत पडलं. ते उचलायला दोन माणसं लागतात, आणि तू तर म्हणतेस तुझं कोणी नाही, तो म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' नेमकं कुठल्या शनिवारी झालं, हे दोघांनाही नंतर आठवलं नाही.

शेवटी ठरलं ते खोडाला टांगायचं हलकं मचाण, आणि चार स्टिक्स. स्टिक म्हणजे हातभर लांबीची अॅल्युमिनियमची दांडी, दोन्ही अंगांना पावलापुरत्या पायऱ्या. पट्ट्यानं खोडाला बांधायची, तिच्यावर चढून वरची बांधायची. सरकारी जंगलात झाडाला खिळा मारायचा नाही, म्हणून सगळं पट्ट्यांवर.

ऋषीनं दोन स्टिक्स एकमेकींवर हलकेच आपटल्या. टिंग…

"हे हरणाला ऐकू येतं. देवळातल्या घंटेसारखं."

मग एका शनिवारची अख्खी दुपार दोघं काउंटरमागे बसून स्टिक्सना कापडी पट्टी गुंडाळत होते. एकानं धरायची, दुसऱ्यानं गुंडाळायची. बोटाला बोट लागलं की दोघंही फार काळजीपूर्वक पट्टीकडे बघायचे.

"तुला हरीण का मारायचंय?" त्यानं विचारलं. "तुमच्या घरी तर…"

"अंड्यालाही वेगळं पातेलं आहे." तिनं पट्टीचा वेढा घट्ट ओढला. "चार वर्षांपूर्वी मी ओकची चारशे रोपं लावली. आता अकरा उरलीत. लांडगे केव्हाच संपवले, हरणं मोकाट वाढली, आणि हरीण पहिल्यांदा ओकच खातं. या जंगलात म्हातारी झाडं आहेत, ऋषी… लहान नाहीत. मी प्रबंधात लिहिलं, हरणं कमी करायला हवीत. मग वाटलं, लिहायचं आपण आणि मारायचं कोणीतरी दुसऱ्यानं, हे काही बरं नाही."

ऋषीनं पट्टी दातांनी तोडली.  त्या दिवशी तिला गाडीपर्यंत सोडायला आला, आणि पाऊस नव्हता तरी छत्री घेऊन आला.

दसरा गुरुवारी आला. धनुष्यानं शिकार करायचा मोसम शनिवारी सुरू होणार होता. शुक्रवारी दुपारी वल्लरी पट्टे एकदा तपासून घ्यायला सामान घेऊन दुकानात आली. ऋषी वाकला, आणि तसाच थांबला.

"हे… काय आहे?"

"शस्त्रपूजा. काल दसरा होता ना."

स्टिक्सवर हळदीकुंकवाची बोटं होती. मचाणाच्या बैठकीत नारळाचं पाणी मुरलेलं. आणि सगळ्याला मोगऱ्याच्या उदबत्तीचा असा वास, की मैलभरातल्या हरणांना सण असल्याचं कळावं. दहा तासांच्या शिकार-शिक्षणाच्या वर्गात वल्लरीनं वासावर पूर्ण मार्क मिळवले होते. पूजा करताना तो धडा तिच्या मनातही आला नव्हता. पूजेचा वास हा वास नसतोच, अशी घरची शिकवण.

ऋषी हसला. पाच शनिवारांत पहिल्यांदा. हसताना टोपी काढून तोंडावर धरली, आणि टोपी खाली आली तेव्हा डोळे ओले होते.

"आई दर वर्षी बाबांच्या धनुष्याला हेच करायची," तो म्हणाला. "आणि बाबा रात्री ड्राइव्हवेवर गुपचूप धुवायचे. ती झोपली असं समजून. ती खिडकीतून बघायची."

दुकानामागे बादलीत बिनवासाचा साबण कालवून दोघं धुवायला बसले. खांब समोरच होता.

"बाबा डॉक्टर होते इथे. डॉक्टर अरुण. पेशंटांनीच शिकारीची गोडी लावली. दोन वर्षांपूर्वी… त्यांची चिठ्ठी माझ्या खिशात होती. 'दहाला खाली.' शनिवार होता, तरी मी तेव्हाच्या नोकरीच्या कॉलवर होतो. चिठ्ठीवर नजर गेली तेव्हा पाऊण वाजला होता." तो एकच पायरी पुन्हा पुन्हा घासत होता. "झाडाला अडकवायचा कमरेचा पट्टा बांधला नव्हता त्यांनी; मी पोचलो तेव्हा झाडाखाली पडलेले होते. मी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना विचारलं, लवकर पोचलो असतो तर?"

"काय म्हणाले?"

"मृत्यूच्या दाखल्यावर सही केली."

वल्लरीनं त्याच्या हातातली स्टिक काढून घेतली. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. त्याची चूक नव्हती, असं ती म्हणाली नाही. ते त्याला सगळ्यांनी सांगून झालं असणार. ती त्याच्या शेजारी बसून राहिली, हात साबणात, आणि मक्याच्या शेतावरून वारा येत राहिला.

निघताना तिनं काउंटरवरच्या पॅडची एक चिठ्ठी भरली. पांढरा ओक, रोपांच्या ओळीच्या उत्तरेला. दहाला खाली. तिसरी ओळ कोरी ठेवली.

"मी ही कोणाला देत नाहीये," ती म्हणाली. "फक्त इथे ठेवतेय."

"वल्लरी, नको."

"पट्टा बांधेन. दोर बांधेन. तू शिकवलंस ते सगळं करेन. पण कोणाला तरी माहीत असावं असं वाटतं… आणि ते कोणीही असून चालणार नाही."

तो चिठ्ठीकडे बघत उभा राहिला. तिनं गाडी सुरू केली, दुकानाच्या काचेतून वळून पाहिलं. चिठ्ठी काउंटरवर तशीच होती.

शनिवारी पहाटे ती ओकवर चढली. दोराला स्वतःला अडकवलं, बसली. खाली तिची अकरा रोपं धुक्यातून एकेक करून दिसू लागली. आठच्या सुमारास एक मादी आली. पानांवर इतकं हलकं पाऊल, की वल्लरीचा श्वासच जास्त वाजत होता. तिनं क्रॉसबो उचलला. मादीनं नाक वर केलं… एकदा, दोनदा… मोठ्यानं फुरफुरली, आणि शेपटीचा पांढरा झेंडा दाखवून नाहीशी झाली.

मोगरा. दोनदा धुऊनही.

पावणेदहाला तिनं आवरायला घेतलं. क्रॉसबो दोरीनं खाली सोडला. दुसऱ्या स्टिकपाशी दोराची गाठ घट्ट बसली, ती सोडवण्यात वेळ गेला. पाय जमिनीला लागले, आणि मागून कोणीतरी म्हणालं,

"दहा वाजून चार मिनिटं."

ऋषी पाच पावलांवर येऊन उभा होता. नारिंगी टोपी, त्यावर नारिंगी जाकीट. चेहरा राखेसारखा.

"कधीपासून आहेस?"

"सातपासून. वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा होतो, तुझी हरणं बिथरू नयेत म्हणून."

"ती मीच बिथरवली. मोगरा."

"तीनदा धू म्हणालो होतो."

"चिठ्ठी तर घेतली नव्हतीस तू."

"तू वळून बघितलंस तोवर नव्हती घेतली."

त्यानं मूठ उघडली. चिठ्ठी घामानं मऊ झाली होती. तिसऱ्या ओळीवर, आईनं शिकवलेल्या वेड्यावाकड्या देवनागरीत, लिहिलेलं: ऋषी.

"ही चार मिनिटं…" तो म्हणाला. वल्लरी ती पाच पावलं चालत गेली.  तिनं त्याचा हात चिठ्ठीसकट दोन्ही हातांत धरला. लगेच सोडला नाही.

मग त्यानंच विचारलं, "तुझा कमरपट्टा मला बसेल?"

तिनं पट्टा सैल करून त्याच्यावर बांधला, प्रत्येक बक्कल दोनदा ओढून पाहिलं, दोराला अडकवलं. त्यानं खिशातून एक कोरी चिठ्ठी काढली, ओकच्या खोडावर धरून भरली आणि तिच्या हातात दिली. झाड: हेच. किती वाजता खाली: पाच मिनिटांत. चिठ्ठी कोणाकडे: वल्लरी.

तो चढला. पहिली स्टिक. दुसरी. दोन वर्षांनी. आठ फुटांवर थांबला, कपाळ खोडाला टेकवून.

"वरून काय दिसतंय?" तिनं विचारलं. 

 ओकचं एक पान गिरक्या घेत त्या दोघांमधून खाली गेलं.

"खाली कोणीतरी उभं आहे," तो म्हणाला.

वल्लरी घड्याळाकडे बघत होती. चार मिनिटं. साडेचार. पाच.

"ऋषी," ती म्हणाली, "डावा पाय आधी."