पाचवी मूठ

कानबाई देवीच्या रविवारी देशमुखांच्या घरात प्रमिलाबाईंचा शब्द शेवटचा. तोताराम देशमुखांचा दरारा नरडाण्याच्या बाजारापर्यंत असेल, पण रोटाच्या दिवशी बायकोकडे चहासुद्धा त्यांना उंबऱ्याबाहेरूनच मागावा लागे. त्या वर्षी मात्र, एकोणनव्वदच्या श्रावणात, बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सून सुनंदा धुळ्याच्या दवाखान्यात अडली होती. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. मुलगा लीलाधर सकाळी फोनवर एवढंच म्हणाला, "आई, डॉक्टर काही नीट सांगत नाहीत."

पण सणाला काय त्याचं? बाई न्हाऊन ओल्या केसांनी सुपापुढे बसल्या. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू, ज्याचा त्याचा वेगळा ढीग. मग सगळे एकत्र दळायचे, देवीच्या नैवेद्याचे रोट करायचे आणि घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला कणभरही नाही. सासरे गेल्यापासून घरात पुरुष चार. तोताराम, धाकटे दीर नथ्थूभाऊ आणि बाईंची दोन पोरं. बाईंनी चार ढीग घातले, हात झटकला आणि पाहिलं, तर सुपात पाच.

"मेलं लक्षच नाही माझं," म्हणत त्यांनी सगळे गहू गोळा केले आणि पुन्हा मुठी घातल्या. पुन्हा पाच.

"सरका बाई, मी टाकस," म्हणत धाकटी जाऊ झुंबरबाई पुढे झाली. एकेकाचं नाव घेत तिने चार ढीग घातले. पाणी प्यायला तांब्या उचलला, तेवढ्यात पाचवा.

"हाई काय शे वं बाई?" तिने बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "गरम शे!"

बाईंनी हात लावून पाहिला. चार ढीग पावसाळ्यातल्या गव्हासारखे गार होते. पाचवा कोमट होता, नुकता कुणाच्या तळहातातून सुटावा तसा.

प्रमिलाबाई काही भुताखेतांना भिणाऱ्यातल्या नव्हेत. पाल चुकचुकली तर तिला खराटा दाखवणारी बाई ती! पण याच सुपापुढे बसून हक्काची मूठ मागितलेलं एक माणूस त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

अक्कासाहेब. तोतारामांची सख्खी आत्या. तीन गावांच्या देशमुखीत लाडाकोडात वाढलेली, नवऱ्याला सोडून माहेरी आलेली, आणि वर कादंबऱ्या लिहिणारी. बरं, लिहायचं तर देवाधर्माचं लिहावं! त्यांनी लिहिलं बड्या घरांच्या माजघरातलं. कोण कुणाच्या खोलीत जातं, कुणाचं पोर कुणाच्या वळणावर गेलंय. नावं बदललेली, पण मिश्या ज्याच्या त्याच्या. अर्ध्या जिल्ह्याचं पित्त खवळलं, चौकात पुस्तकांची होळी झाली. त्याच वर्षी कानबाईला अक्कासाहेब सुपापुढे येऊन बसल्या. "वहिनी, माझीही मूठ घाला."

बाईंच्या सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाची मूठ नसते. दिलेल्या लेकीची तर नाहीच नाही."

"कळलं," अक्कासाहेब हसल्या. "राबायला बाई, मोजायला गडी."

उठल्या त्या थेट जळगावला, मेहरूणच्या तळ्याकाठी एका तबलजीच्या घरी. इकडे घराने त्यांच्या नावाने आंघोळ केली. पंधरा वर्षांपूर्वी त्या वारल्या तेव्हा खांदा द्यायलाही कुणी गेलं नाही. आता पुस्तकं नव्या कव्हरात विकतात, कॉलेजची पोरं फोटो मागायला येतात, आणि होळीला काडी लावणारेच "आमच्या अक्कासाहेब" म्हणत छाती काढून मिरवतात. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

बाहेर फोन वाजला. तोताराम उंबऱ्याशी आले, तोंड उतरलेलं.

"बाळाचे ठोके मंदावलेत म्हणे. आत नेलंय तिला."

तिसरंही गेलं तर सुनंदा उठायची नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"तो ढीग टाकी द्या बाई," झुंबरबाई रडकुंडीला आली. "कानबाई माय कोपी जाई!"

"का कोपेल? ती काय गडीमाणूस आहे? तीही बाईच ना!" प्रमिलाबाईंनी पाचवा ढीग ओंजळीत घेतला. "अक्कासाहेब, ही तुमची मूठ. मी घातली. आता माझ्या सुनेकडे बघा."

पाचही ढिगांचे गहू एकत्र झाले. दोघी जावा जात्याला बसल्या.

जातं फारच हलकं फिरत होतं.

झुंबरबाईने घाबरून खुंट्यावरचा हात काढला. मग बाईंनीही काढला.

जातं आणखी फिरलं. सावकाश. मग थांबलं.

फोन वाजला.

"मुलगी झाली!" तोताराम चपलांसकट स्वयंपाकघरात शिरले, आणि त्यांना कुणी ओरडलं नाही. "दोघी सुखरूप आहेत गं, दोघी!" बाई आधी हसल्या, मग सुपात डोकं घालून ढसाढसा रडल्या. कित्येक वर्षांचा दगड छातीवरून उतरला होता. संध्याकाळी पूजेनंतर अक्कासाहेबांच्या वाट्याचा पाचवा रोट दोघी जावांनी तूप घालून खाल्ला. इतका गोड रोट आयुष्यात खाल्ला नव्हता, असं झुंबरबाई अजून सांगते.

सोमवारी कानबाईचं विसर्जन उरकून बाई धुळ्याला गेल्या. नर्सने नात हातात दिली.

"आजी, एक सांगू? बाळ रडतच नव्हतं हो. निळं पडलेलं. तेवढ्यात तुमच्याकडच्या त्या म्हाताऱ्या बाईंनी तोंडावर धूर सोडला. बाळ शिंकलं आणि रडायला लागलं, म्हणून मी गप्प बसले. पण सांगा त्यांना, आत सिगारेट चालत नाही."

लीलाधर तर दाराबाहेर उभा होता. घरची दुसरी कुणी बाई दवाखान्यात आलीच नव्हती. आणि सिगारेट ओढणारी देशमुखीण प्रमिलाबाईंनी उभ्या जन्मात एकच पाहिली होती.

त्यांनी नात उराशी धरली. मऊ, उबदार, जिवंत. टोपड्याला तंबाखूचा वास येत होता.

"सांगते," बाई हळूच म्हणाल्या. "ऐकायच्या नाहीत, पण सांगते."