मोगरा न जगणारं अंगण

खऱ्या प्रेमाला बाहेरून काहीच लागत नाही. रुखमिणीच्या प्रेमाला मात्र भाताच्या तणसाच्या चार पेंढ्या लागल्या, आणि त्याही घरमालकीण चंद्रभागाबाईंच्या गोठ्यातून मागून आणाव्या लागल्या.

साल अठ्ठ्याहत्तर. रुखमिणी आंबागडच्या शाळेत मास्तरीण. बी.ए., मराठी घेऊन... हे ती न विचारताही सांगे. तिच्या खोलीमागचं अंगण डोंगराला टेकलेलं. हिवाळ्यात तिथं ऊन बाराला यायचं आणि एकला निघून जायचं. तीन वर्षं तिनं तिथं मोगरा लावला. तिन्ही वर्षं पौषात नुसत्या काड्या उरल्या.

"शिमग्यापर्यंत काही जगलं नाई, तं त्या जागी शेळीसाठी मांडव घालीन हो बाई," चंद्रभागाबाईंनी बजावलं.

हार मानणं रुखमिणीच्या रक्तात नव्हतं. ती तडक वनखात्याच्या रोपवाटिकेत गेली. तिथं कामाला असलेला इश्वर पिशव्यांत माती भरत होता.

"अहो नर्सरीवाले, मोगरा द्या. जरा धडधाकट."

त्यानं मान वर केली. डोळे हसत होते, ओठ सरळ होते.

"चौथा? पहिल्या तिघायचं काय केलं?"

तिचे कान तापले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गाव लहान हाय बाई. कुठं लावता?"

तिनं सांगितलं. तो माती झटकत उठला. "दिवसभर सावली, वरून पहाटेचं गोठलेलं दहिवर. डोंगराची थंडी उतरून तिथंच बसते. अडुळसा लावा."

"अडुळसा? खोकल्याचा?"

"पांढरी फुलं येतात. सावली चालते, थंडी चालते. नखरे नाई." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "मोगऱ्यासारखे."

"बी.ए. झालेल्या बाईनं दारामागे काढा लावायचा? पुरावा द्या."

"देतो. चार कोन्यांत तणसाची एकेक पेंढी ठेवा. सकाळी जी जास्त पांढरी, तिथं थंडी बसते. पाहाले मी येतो."

सकाळी आला. मोगऱ्याच्या जागेची, भिंतीकडची पेंढी तांदळाचं पीठ भुरभुरावं तशी पांढरी झाली होती. त्यानं बोटावर दहिवर उचलून तिच्यापुढे धरलं. तिनं बोट टेकवलं... आणि दहिवर गेलं.

"विरघळलं," ती म्हणाली.

"तुमचा हात गरम हाय," तो म्हणाला, आणि उगाच दुसऱ्या पेंढीकडे बघू लागला.

"एका सकाळीनं काही सिद्ध होत नाही," रुखमिणी म्हणाली.

मग तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्याही. चौथ्या दिवशी चहा झाला, सातव्या दिवसापासून चहात आलं पडू लागलं. पेंढी रोज तीच पांढरी. गोठ्यातली शेळी हे सगळं तटस्थपणे पाहत असे.

बाराव्या सकाळी त्यानं चहा घेतला नाही. "माझी बदली झाली बाई. बपेऱ्याले. सोमवारी जातो."

रुखमिणीनं कप खाली ठेवला. "मग अडुळसा कधी लावायचा?"

"तो तं पहिल्याच दिवशी लावाचा होता. पहिल्याच सकाळी समजलं होतं न—"

"मग एवढे दिवस काहून येऊन राहिले?" तिचं बी.ए.चं मराठी कुठल्या कुठे गेलं.

"तुमी काहून येऊ देल्लं?"

रुखमिणीनं जन्मात आपली चूक तोंडानं कबूल केली नव्हती. तिनं मान ताठ केली. "मलेही पहिल्याच दिवशी समजलं होतं." मग हळूच म्हणाली, "अहो—" पुढचं 'नर्सरीवाले' तिनं गिळलं. "मी बपेऱ्याले बदली मागीन. पण आधी अडुळसा लावा. मी या गावातून हरून जाणार नाही."

दोघांनी मिळून खड्डा खणला.

शिमग्याला अडुळसा हिरवागार होता. रुखमिणीनं चंद्रभागाबाईंना हाताला धरून अंगणात नेलं आणि पान न् पान मोजायला लावलं. वैशाखात लग्न झालं. पुढे बपेऱ्यात जो भेटेल त्याला ती सांगे, "अख्खा डोंगर एका बाजूला आणि यांची पारख एका बाजूला! थंडी कुठं बसते, हे माणूस तणसावरून सांगतो." इश्वर मान खाली घालून ऐके, आणि मानही तो अभिमानानंच खाली घाले.

सत्त्याऐंशी साली चंद्रभागाबाई एका लग्नात भेटल्या. जेवता जेवता सहज म्हणाल्या, मोगरा दरसाल त्यांची शेळीच खात होती.

शेळ्या अडुळशाला तोंड लावत नाहीत.