रिकामा हौदा

ही गोष्ट खरी आहे. थापाच मारायच्या असत्या तर रात्र, स्मशान आणि पांढरी साडी घातली असती. ही घडली भर दुपारी...

२९ मे २०२१, शनिवार. मेलबर्नजवळचं टार्निट. चौथा लॉकडाऊन.

माझा मित्र यतिन त्या दिवशी नुसता धुमसत होता. त्याचा थोरला भाऊ भास्करदादा ठाण्यात कोविडने आजारी, हॉस्पिटलात ऑक्सिजनवर. तेव्हा ऑस्ट्रेलियाबाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागायची. यतिनने ती तीनदा मागितली, तिन्ही वेळा नकार.

"माणूस मेल्यावर देणारेत का परवानगी?" तो बायकोवर, मयूरावर खेकसला.

वड्याचं तेल वांग्यावर!

दरवर्षी या तारखेला दोघे भाऊ सामूगढची लढाई खेळायचे. शहाजहानच्या मुलांची, तख्तासाठीची. सैन्य म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रं, दादानेच लहानपणी रंगवलेली. मांडणी यतिनच्या डायनिंग टेबलवर, दादा फोनवरून चाली सांगायचा. दादा कायम दारा, यतिन औरंगजेब.

दादा इतिहासाचा मास्तर. दरवर्षी तेच ऐकवायचा, "दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, एवढंच रे! सैन्याने रिकामा हौदा पाहिला, धनी मेला समजले आणि पळत सुटले. गाढवांनो, थांबून विचारायचं तरी!"

त्या सकाळी दादाचा मेसेज होता, 'मांडून ठेव. जरा बरं वाटलं की फोन करतो.'

यतिनने मांडलं. दाराला हौद्यात बसवलं. चहा घेऊन आला...

हौदा रिकामा.

दारा टेबलाखाली पडला होता.

"मयूरा, तू हात लावलास?"

"मी मीटिंगमध्ये आहे, यतिन! प्लीज!"

घरात तिसरं कुणीच नव्हतं.

त्याने दाराला सुपरग्लूने चिकटवलं. ओढून पाहिलं, घट्ट होता. मग तो कप ठेवायला वळला...

टक्.

हौदा पुन्हा रिकामा. ग्लूचा डागसुद्धा नाही. या वेळी दारा कुठेच दिसेना.

"दादा गेला," यतिन पुटपुटला.

तेवढ्यात फोन वाजला. भारतातला अनोळखी नंबर. हॉस्पिटलचाच असणार. ती बातमी ऐकायची त्याची हिंमत होईना.

रिंग थांबली.

पुन्हा वाजली...

त्याने फोन बंद केला आणि गॅरेजमध्ये जाऊन रडत बसला.

तासाभराने मयूराने फोन चालू करून त्याच्या हातात दिला. मीनाक्षीवहिनींचा कॉल आला.

"भाऊजी, हे आत्ता गेले... त्यांच्या फोनची बॅटरी संपली होती. सिस्टरच्या फोनवरून त्यांनीच दोनदा लावला तुम्हाला. चांगले बोलत होते हो! म्हणाले, यतिन मांडून बसला असेल."

यतिन तसाच टेबलाकडे धावला.

दारा तिथेच होता. हत्तीच्या पलीकडे, घोड्यावर. घट्ट चिकटलेला.

ती चित्रं आता माझ्याकडे असतात. यतिनला घरात नकोत. मी स्वतः ओढून पाहिलंय, दारा घोड्यावरून निघत नाही. कुणी बसवला, मला माहीत नाही. विचार करायलाही नको वाटतं.

यतिन मात्र आता कुठलाही अनोळखी नंबर पहिल्या रिंगला उचलतो. आणि हॅलोच्या आधी म्हणतो, "दादा?"