एकवीस इंची चाक

मी हे रंगवून सांगणार नाही. मला तसं येतही नाही. जे झालं ते माझ्याच घरात झालं, आणि ते पाहणारी दोन माणसं अजून त्याच घरात राहतात. मी आणि माझी वहिनी.

मंगळवार, १५ नोव्हेंबर २०२२. मांजरी, पुणे. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं.

त्याआधीचं थोडं सांगतो.

माझा मोठा भाऊ यज्ञेश्वर. मी त्याला दादा म्हणायचो. त्याच्याकडे एक उंच ॲडव्हेंचर मोटरसायकल होती. पुढचं चाक एकवीस इंची. दगडगोट्यांवरून जायला असं मोठं चाक लागतं. जुलैत तो ती घेऊन हिमाचलात स्पितीला गेला. वाटेत एका नाल्याला पाणी होतं. गाडी स्टँडवर लावून, पाणी किती खोल आहे ते बघायला तो पायी उतरला.

गाडी स्टँडवरच सापडली.

दादा तीन दिवसांनी सापडला.

गाडी ट्रान्सपोर्टने पुण्याला आली. तिच्यावर ओरखडाही नव्हता.

मला रडू आलं नाही. पद्मजावहिनीलाही नाही. ती सकाळी शाळेत शिकवायला जायची, मी हिंजवडीला ऑफिसला. परत आलो की जेवायचं, झोपायचं. टीव्ही चालू असायचा. बघत कोणीच नसायचं.

नोव्हेंबरात माझी स्कूटर बंद पडली.

"खाली गाडी नुसती उभी आहे," वहिनी म्हणाली. "ती न्या की, भावजी."

मी नेली. पण शहरातल्या गर्दीत ते मोठं चाक वळायला जड जायचं. दोन गाड्यांच्या मधून काढताना खांदे भरून यायचे. म्हणून मी हडपसरला शकीलभाईंकडे गेलो. शकीलभाई रिमला स्पोक ओढून चाकं बांधतात. दादाही त्यांच्याकडेच जायचा.

"एकोणीस इंची बांधून देतो," ते म्हणाले. "डांबरी रस्त्याचा टायर टाकू. गाडी पुढून जराशी खाली बसेल, पण वळेल मस्त."

मग त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"यज्ञेश्वरभाऊंना मी दोनदा म्हटलं होतं, माधवभाऊ. ते म्हणाले, मी आहे तोवर हे चाक निघणार नाही."

"आता काढा," मी म्हणालो.

असं बोलल्याचंही मला तेव्हा काही वाटलं नाही.

रविवारी नवं चाक बसलं. जुनं पोत्यात गुंडाळून घरी आणलं आणि गॅलरीत आडवं टाकून दिलं. गाडी खरंच छान वळत होती.

आणि मग मंगळवार.

मी सोफ्यावर बसलो होतो. वहिनी स्वयंपाकघरात होती. गॅलरीचं दार लोटलेलं.

सर्रर्र...

आधी वाटलं, शेजारचा कूलर असेल. पण नोव्हेंबरात कूलर कोण लावतं?

सर्रर्र... सर्रर्र... मग हळूहळू मंद होत... टिक... टिक... टिक...

बंद.

सायकल उलटी करून चाक जोरात फिरवलं की येतो, तसा आवाज.

मी दार उघडलं.

पोतं बाजूला पडलं होतं. चाक उभं होतं. भिंतीला टेकलेलं नाही. गॅलरीच्या मधोमध... नुसतं उभं.

खालची फरशी ओली होती.

आतून वहिनीचा आवाज आला, "चहा टाकू का?"

"मला नको," मी म्हणालो.

आत कपबश्या वाजल्या.

"तुम्हाला नाही विचारलं, भावजी."

दादा ऑफिसातून रोज याच सुमाराला घरी यायचा.

बुधवारी मी चाक पुन्हा आडवं टाकलं आणि नायलॉनच्या दोरीने ग्रिलला बांधलं. तीन गाठी मारल्या.

सात दहाला आवाज आलाच.

गाठी तशाच होत्या. दोरीत चाक नव्हतं. ते मधोमध उभं होतं. टायरच्या खाचांमधून पाणी गळत होतं... पाण्यात करडी, बारीक वाळू. मी बोट लावलं. बर्फासारखं गार.

गुरुवारी मी शकीलभाईंना बोलावून घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"ॲक्सल तर गाडीत आहे, माधवभाऊ. हे चाक फिरणार कशावर?"

"सात दहापर्यंत थांबा," मी म्हणालो.

ते थांबले. आम्ही दोघं दाराशी उभे होतो. चाक आडवं पडलेलं, आमच्या डोळ्यांसमोर.

सात दहाला घरातला टीव्ही आपोआप बंद झाला.

सर्रर्र...

चाक हललंच नाही. जागचं तसूभरही नाही. आवाज मात्र त्यातूनच येत होता. आणि आवाजाच्या मागे पाणी... खूप पाणी, दगडांवरून धावणारं.

शकीलभाई तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले. मग म्हणाले, "सकाळी गाडी आणा. दुकान उघडायच्या आधी आणा. हे परत बसवून टाकू."

शुक्रवारी जुनं चाक गाडीला परत बसलं.

त्या संध्याकाळी काही झालं नाही. शनिवारीही नाही. मी कंपनीच्या बसने जाऊ लागलो. गाडी खाली झाकून ठेवली. मला वाटलं, संपलं.

बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी जेवताना वहिनी म्हणाली, "भावजी, एक सांगू?"

"बोला ना."

"ते येत नाहीत आता."

मी घास ताटात ठेवला.

"चाक तिथं होतं तोवर रोज येत होते. तुम्ही घाबरलात, म्हणून मी काही बोलले नाही." ती ताटाकडे बघत होती. आवाजात चढ नाही, उतार नाही. "माझ्यासाठी काढून आणा ते."

"वहिनी, तो दादाच आहे कशावरून?"

"नसला तर नसला," ती म्हणाली. "घरी येत होतं कोणीतरी."



गेल्या रविवारी चाक पुन्हा काढून आणलं. या वेळी शकीलभाईंनी हात लावला नाही. पाने दिले आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मीच काढलं.

रविवारी काही नाही. सोमवारीही नाही. दोन्ही दिवशी वहिनी सात वाजता गॅलरीत खुर्ची टाकून बसली आणि आठला उठून आत आली.

आज मंगळवार. आज ती गॅलरीत बसलीच नाही. पावणेसातला तिच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

मी गॅलरीच्या दाराशी उभा राहिलो. चाक आडवं पडलं होतं. कोरडं. टायरवर धूळ बसलेली.

सात दहा झाले.

सर्रर्र...

चाकातून नाही.

वहिनीच्या खोलीतून.

मी धावत जाऊन दार ठोठावलं. "वहिनी! वहिनी, दार उघडा!"

आत पाण्याचा आवाज होता. दाराखालच्या फटीतून माझ्या पायांना गार ओल लागली.

"असू दे, भावजी," ती म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या."

आता नऊ वाजलेत. मी बाहेर बसून हे लिहितोय. आवाज थांबलाय, दार अजून बंदच आहे. आत वहिनी हळू आवाजात बोलते आहे... मध्येच थांबते, कोणाचं तरी ऐकते, आणि पुन्हा बोलते.

दुसरा आवाज मला ऐकू येत नाही.